म्हशीच्या डायलॉगचा आवाज

लताबाई मेथी निवडत होत्या. सून रूपाली म्हणाली, "आई, तो म्हशीचा डायलॉग म्हणा ना." लताबाई हसल्या आणि म्हणाल्या, "सासर सोडसू, पन मनी म्हैस सोडाव नही."

रूपालीने ते मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकलं. जळगावात दोन-तीन दिवस ते बरंच फिरलं आणि मग एकाएकी गायब झालं. धुळ्याच्या एका चॅनेलची तक्रार होती, की आमच्या चित्रपटातला नायिकेचा आवाज विनापरवाना वापरला.

रूपाली घाबरली. लताबाईंनी मात्र हातातलं काम बाजूला ठेवलं आणि तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

वीसेक वर्षांपूर्वी धुळ्यात कॅसेटचं दुकान चालवणाऱ्या अभयकुमारांनी अहिराणी चित्रपट काढला होता. शूटिंग पारोळ्याजवळच्या मळ्यात झालं. नायिका सुरतेची, दिसायला छान, पण तिला अहिराणीचा शब्द येत नव्हता. लग्नात गाणी म्हणणाऱ्या लताबाईंना अभयकुमारांनी तिच्यासाठी आवाज द्यायला बोलावून घेतलं. दुकानामागच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगलेल्या, पंखा बंद, आणि सगळे घामाघूम. ढोलकीवाला भटू मध्येच शिंकायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. लताबाईंना ते दिवस फार आवडले होते. सीडीच्या कव्हरवर नायिकेचा फोटो आणि नाव आलं. लताबाई कुणाला काही बोलल्या नाहीत. वरातीत, बसमध्ये तो डायलॉग ऐकू आला, की कान देऊन ऐकायच्या.

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीने धुळ्याला गेल्या. चॅनेल आता अभयकुमारांचा मुलगा पुनीत बघत होता.

"मावशी, मी दोन्ही आवाज लावून बघितले," तो नम्रपणे म्हणाला. "एकच आहेत. हा आमच्या चित्रपटातूनच उचललाय."

"हा, एकच शेतस," लताबाईंनी मान डोलावली. "हाऊ मना आवाज शे." आणि तिथेच, खुर्चीवर बसून, त्यांनी अख्खा प्रसंग म्हणून दाखवला.

आतून काठीचा आवाज आला. अभयकुमार दारात उभे होते. "लताबाई का?" त्यांनी विचारलं आणि काठी टेकत समोर येऊन बसले. मग ते पुनीतला म्हणाले, "अरे, नाव टाकायचं माझ्याकडूनच राहिलं."

पुनीतने लगेच तक्रार मागे घेतली. चित्रपटाच्या सुरुवातीला लताबाईंचं नाव घालतो, म्हणाला.

"बठ्ठासना नावं टाका," लताबाई म्हणाल्या. एकट्या त्यांचं नाही, सगळ्यांचं.

मग चहा आला आणि दोघं म्हातारी एकेकाला आठवत बसली. भटू. म्हैस सांभाळणारा वना. सासरा झालेला सुकदेव, ज्याची मिशी गाण्यात निघून पडली होती. हसता हसता अभयकुमारांना ठसका लागला. विहिरीवर भांडणाऱ्या बाईचं नाव मात्र कुणालाच आठवेना. जामनेरची होती, एवढंच.

"तवलोंग थांबा," लताबाईंनी सांगितलं. तिचं नाव मिळेपर्यंत यादी टाकायची नाही.

रविवारी त्या रूपालीला घेऊन जामनेरला गेल्या. भाजीबाजारात मोबाइलवर तो भांडणाचा प्रसंग दाखवत, विचारत विचारत नाव कळलं आणि घरही सापडलं. केशरबाई ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. रूपालीने मोबाइल पुढे धरला. त्यांनी डोळे बारीक करून स्वतःला भांडताना पाहिलं आणि आत हाक मारली, "अरे, समदे भाईर या. ही मी शे."

लताबाईंनी त्यांचं पूर्ण नाव विचारलं आणि तिथूनच पुनीतला फोन लावला.