टपातलं तपकिरी पाणी

हॉलमध्ये एकवीस खुर्च्या, एकवीस टप आणि बेचाळीस अनवाणी पाय. प्रत्येक टपात कोमट मिठाचं पाणी आणि वायरीने जोडलेली एक जाळीदार डबी. बटण दाबलं की दहा मिनिटांत पाणी गढूळ तपकिरी व्हायचं आणि नातेवाईक माना लांब करून बघायचे.

"गाठीतलं बिघडलेलं जनुक तळपायातून उतरतंय," हा हॉल चालवणारे जनुकगुरुजी सांगायचे. जनुक तपकिरी असतं का, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. तिसऱ्या खुर्चीत माझी ताई होती.

ताईच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासून समजावलं होतं: या पेशींच्या अंगावर एक प्रथिन भलतंच जास्त आहे, त्यातून त्यांना वाढत राहण्याचा निरोप मिळतो, त्या प्रथिनाला धरून निरोप अडवणारं औषध आता आहे, सोबत केमोही लागेल. केमो म्हणताच ताईचा हात केसांकडे गेला. इथे नुसते पाय बुडवायचे होते. चार महिने मीच तिला स्कूटरवरून आणलं.

आता माझा धंदा सांगतो. मी धातूवर मुलामा चढवतो. अठ्ठावीस वर्षं पाण्यात वीज सोडून धातू विरघळवतोय.

चौथ्या महिन्यात ताईचं पाणी फिकट पडलं. आजार उतरला, असं गुरुजींनी जाहीर केलं. त्याच आठवड्यात डब्यांतल्या पट्ट्या झिजल्या म्हणून त्यांनी मला गाठलं. मी डबीला दोन अशा लोखंडाच्या बेचाळीस पट्ट्या कापून दिल्या, वर "ताईकडे लक्ष असू द्या" म्हणालो. झिजलेलं लोखंड गेलं कुठे, हे मी माझ्या कारागिरांना रोज विचारतो. स्वतःला विचारलं नाही. ताई हसत होती, आणि तिला पुन्हा दवाखान्यात न्यायची माझी छाती नव्हती.

बरी झाल्याचं दाखवायला ताईच दवाखान्यात गेली. गाठ वाढली होती, काखेतही उतरली होती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, "पाय न घालता ते पाणी कसं दिसतं, पाहिलंत का?"

तरीही रविवारी ताई हॉलमध्ये पाय बुडवून बसलीच; मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे टप ठेवला आणि बटण दाबलं. दहा मिनिटांत पाणी तपकिरी.

"खुर्चीला कॅन्सर झालाय वाटतं," मागून एक मावशी म्हणाल्या.

हॉलमधल्या रोग्यांच्या लहरी या टपात ओढल्या जातात, असं गुरुजी सांगू लागले. मी डबी उघडून पट्टी वर धरली. वीज लोखंड खाते, मिठाच्या पाण्यात त्याचा गंज सुटतो; पट्टी नवी तर पाणी गडद, झिजली की फिकट, हे सांगितलं. मग म्हणालो, "ही माझ्या हातची आहे. मला पहिल्या दिवशीच ओळखू यायला हवं होतं."

ताईने टपातून पाय काढून पुसले. "मला नसतं कळलं रे," ती हळूच म्हणाली. "तुला कळलं असतं."



तेव्हा एक विनंती. कुणी रोग बाहेर काढून दाखवला, तर आधी रोग्याशिवाय तोच प्रयोग करून दाखवा म्हणा. केमोची भीती वाटली तर ती डॉक्टरांनाच सांगा; त्यावर त्यांच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ असतं. आणि आपल्याला जे येतं, ते आपल्या माणसासाठी वापरायला लाजू नका.

सोमवारी ताईचं औषध सुरू झालं. उपयोग होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. चार महिन्यांपूर्वी किती झाला असता, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.