थोरल्याचा नंबर

धाकटीच्या हातात पदवी येऊन वर्ष होत आलं, पण नोकरीचा पत्ता नाही. अर्ज पाठवून पाठवून पोरगी टेकीला आली. उत्तर म्हणून एकाचं नाही. "माझ्यातच काहीतरी खोट असणार, आई," असं म्हणून परवा तिने भरलं ताट सरकवलं, तेव्हा आईच्या मनात आलं, एक पोर गेलेलं, आता दुसरी डोळ्यांदेखत सुकत चाललेली!

शेवटी आईने भावाला बोलावलं. मामाची सगळी हयात कंपनीत माणसं भरती करण्यात गेलेली. चष्मा चढवून त्याने सीव्ही वाचायला घेतला.

"अगं, झकास आहे की! एका पानात सगळं. त्या नोकरीला लागेल तेच वर, उगाच छंद-बिंद नाहीत. कुणी लिहून दिला?"

"दादाचाच समोर घेतला," धाकटी हळूच म्हणाली. "त्याच्यावरच माझं नाव, माझं शिक्षण घातलं."

थोरल्याचा विषय निघाला तसा मामा पुन्हा कागदाकडे वळला आणि थबकला. "आणि हा फोन नंबर कुणाचा गं?"

धाकटीने वाकून पाहिलं. तोंड पांढरंफटक पडलं तिचं. सगळं बदललं होतं, नंबर तेवढा दादाचाच राहिला होता.

"वेडाबाई!" मामाने कपाळावर हात मारला. "तो तर कधीच बंद झाला असेल."

बंद कुठला! फोन आईच्या कपाटात, कपड्यांखाली होता. ती रोज तो चार्ज करायची, रिचार्जही चुकवत नव्हती. आणि तो वाजायचा. या वर्षात कितीदा तरी वाजला. तिला वाटायचं, असेल कुणी जुना मित्र, अजून कळलं नसेल बिचाऱ्याला. उचलला तर सांगावं लागणार, आणि ते वाक्य तिने आजवर तोंडातून काढलं नव्हतं. म्हणून ती दार लोटून, फोन उराशी धरून, तो वाजून वाजून थांबेपर्यंत बसायची. आपलं लेकरू आहे असं जगात कुणाला तरी अजून वाटतंय, तेवढंच बाईला सुख. आणि त्यापायी लेकीच्या वाटेत आपणच आडव्या आलो!

ती उठली. फोन आणून दोघांसमोर ठेवला. "मीच नाही उचलला गं. मीच!" आणि ढसाढसा रडली.

आता पोरगी आदळआपट करणार, असं तिला वाटलं. करायलाच हवी होती. पण न उचललेले फोन एकेक करून पाहून झाल्यावर धाकटीने तिला जवळ घेतलं. "मी माझा नंबर घालते, आई. हा राहू दे तुझ्याकडे."

"आधी या लोकांना लाव," आई म्हणाली. "याच्यावरूनच. मी बोलते."

पहिलाच फोन लागला. पलीकडे कुणी बाई होती.

"तुम्ही माझ्या मुलीसाठी फोन केला होतात," आई म्हणाली. "हा नंबर माझ्या मुलाचा." तिने धाकटीचा हात धरला. "तो गेला हो. मुलगी आहे माझी. देते तिला."