गौरम्माचं वजन

“आठ किलो शंभर! पोरगी धडधाकट आहे. काढा हिचं नाव सुकडीच्या यादीतून,” तपासणीला आलेल्या साहेबांनी फर्मान सोडलं आणि वहीत शाईनं लिहूनही टाकलं.

चुलीवर भुकटीचं दूध ढवळत बसलेल्या केराबाई पळी हातात तशीच घेऊन धावल्या. गिरणीमागच्या चाळीतली बालवाडी त्या सहा वर्षं चालवत होत्या. म्हणे धडधाकट! दोन वर्षांची झाली तरी गौरम्मा भिंत धरल्याशिवाय उभी राहत नव्हती. तिची आई निंगव्वा दुष्काळात दुधनीकडून सोलापुरात आलेली. ती दिवसभर खडी फोडायची आणि पोर दाराशी निपचित बसून राहायची. आठ किलोच्या आतल्या लेकरांना रोज सुकडी आणि दूध, अशी सरकारची योजना होती. ती असल्या लेकरांसाठी नाही, तर काय साहेबांच्या जावयांसाठी होती?

काट्याला टांगलेल्या झोळीत डोकावल्यावर केराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पोरीच्या पायांत जाडजूड वाळे, कमरेला घुंगरांचा करगोटा, हातांत कडी!

“अगं निंगव्वा, काय गं हे?”

“साहेबापुढं पोर मोकळ्या अंगानं कशी आणू, अक्का?” निंगव्वा बावरली. “आमच्यात तसं आणत न्हाईत. वाळे सोजरबाईनं दिले, करगोटा अंबुबाईनं. समद्या चाळीनं सजवली की तिला.”

साहेबांनी तेवढी चांदीच पाहिली. “अंगावर चांदी घालायची आणि सुकडी मात्र फुकट पाहिजे!”

केराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मागून आणलीय ती चांदी, साहेब! तुमचा मान राखायला आणलीय!” एकेक डाग उतरवून त्यांनी पोरीला पुन्हा झोळीत घातलं. “सात किलो सहाशे. घ्या लिहून!”

“नोंद झाली, बाई. वहीत खाडाखोड चालत नाही. पुढचं वजन तीन महिन्यांनी.”

“आन् तवर पोरीनं काय खायचं? तुमची वही?”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि जीपमध्ये जाऊन बसले.

केराबाईंनी वर दोन अर्ज पाठवले. उत्तर म्हणून हू नाही की चू नाही. आपल्या वाटणीचं दूध त्या गौरम्माला पाजत राहिल्या, पण एका वाटीनं असं कितीसं अंग धरणार? दीड महिन्यानं चाळीत जुलाबाची साथ आली. बाकीची पोरं आठवडाभरात उठून खेळायला लागली. गौरम्मानं दोन दिवससुद्धा काढले नाहीत.

तीन महिने भरले आणि जीप पुन्हा आली. या खेपेला ओळीतल्या एकाही लेकराच्या अंगावर काही नव्हतं. दृष्टीचा काळा दोरासुद्धा बायांनी सोडून ठेवला होता.

“वा! आता शिस्त आली,” साहेब खूश झाले. वही उघडून नावं पुकारू लागले. “गौरम्मा शिवयोगी?”

साहेबांनी ओळीवरून नजर फिरवली.

“कुठे आहे ही?”

“तुमच्या वहीत,” केराबाई म्हणाल्या. “तितं धडधाकट हाय ती.”

साहेबांनी पेन उघडलं, तसंच मिटलं आणि पुढचं नाव पुकारलं.

भिंतीला टेकून निंगव्वा बसली होती. सांभाळायला म्हणून बायांनी आपापल्या पोरांचे वाळे-करगोटे तिच्याच ओटीत टाकले होते. एकेका लेकराचं वजन झालं, की ती ज्याचं त्याला नीट बघून परत देत होती.