मास्तरांचा चौथा गोल

मधल्या फळीत खेळणारा माणूस हा संघाचा कणा असतो, असं त्याच्या निरोप समारंभात आवर्जून सांगतात. तोवर त्याचा स्वतःचा कणा गेलेला असतो.

मास्तर सोळा वर्षं मध्ये खेळले. मागून चेंडू घ्यायचा, पुढे द्यायचा. पुढच्याचा फोटो छापून यायचा, यांचा गुडघा सुजायचा. एकूण गोल तीन, त्यातला एक स्वतःच्याच संघावर. पुढे ते प्रशिक्षक झाले, आणि काम तेच राहिलं: क्लबच्या अध्यक्षांकडून हुकूम घ्यायचा, खेळाडूंना द्यायचा. अध्यक्षांनी आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नव्हता, त्यामुळे फुटबॉलबद्दल त्यांची मतं एकदम ठाम होती.

मोसमाचा शेवटचा सामना. हरलो तर संघ खालच्या गटात, आणि संघ खाली गेला तर मास्तर घरी, असं करारातच होतं. बरोबरी पुरेशी होती. ओल्या मोज्यांचा वास मारणाऱ्या खोलीत मास्तरांनी फळ्यावर अकरा नावं लिहिली. अध्यक्ष आले, त्यातलं सहा नंबरवाल्याचं नाव तळहाताने पुसलं आणि तिथे लिहिलं, 'आमचे जावई'.

"अहो, त्यांना जिना चढताना धाप लागते!"

"लग्नात अडीच तास नाचलेत ते."

"तिथे पायात चेंडू नव्हता."

"मास्तर, आज कशाला एवढा जीव काढताय? लेकीने व्हिडिओवाला बोलावलाय. खेळू द्या की!"

मास्तरांनी हुकूम पुढे दिला. सवयच ती.

विसाव्या मिनिटाला जावयांनी समोरच्या संघाला चेंडू असा अदबीने दिला, जणू पाहुण्यांना पाणी. गोल झाला. मध्यंतरात मास्तरांनी बायकोला फोन केला.

"जन्मभर दुसऱ्यांना देत आलात," ती म्हणाली. "आता तरी एक लाथ स्वतः घाला. कुठे घालायची ते तुमचं तुम्ही बघा."

मोसमाच्या सुरुवातीला खेळाडू कमी पडले होते तेव्हा सेक्रेटरीने यादी भरायला मास्तरांचंही नाव नोंदवून ठेवलं होतं. मास्तरांनी सत्तेचाळिसाव्या वर्षी ट्रॅकसूट उतरवला आणि जावयांना बाहेर बोलावलं.

"सासऱ्यांना काय सांगू?"

"सांगा, मास्तरांचं डोकं फिरलंय. खोटं बोलावं लागणार नाही."

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू मास्तरांच्या पायाशी आला. समोर गोल उघडा. सवयीने मान वळली, कुणाला देऊ? डावीकडून आपला एकजण ओरडला, "मास्तर, इकडे!" मास्तरांनी त्याला एक कचकचीत शिवी दिली आणि सोळा वर्षांचा साठलेला संताप बुटात आणून चेंडू हाणला. तो खांबाला लागून आत गेला. त्याच वेळी गुडघ्यात काहीतरी कट्‌कन वाजलं.

बरोबरी.

खोलीतल्या बाकावर बर्फ लावून पडलेल्या मास्तरांकडे अध्यक्ष हसत आले.

"गोल झकास. पण उगाच केलात हो." त्यांनी खिशातून फुटबॉल संघटनेचं घडी पडलेलं पत्र काढलं. संघ पुरेसे नसल्याने खालचा गट पुढच्या मोसमापासून बंद, कुणीही खाली जाणार नाही. तारीख अकरा दिवसांपूर्वीची.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लोक धावला असता का?"

मास्तरांनी बर्फाची पिशवी फेकून मारली. ती फळ्याला लागली.

गुडघ्याचं ऑपरेशन गुरुवारी झालं.