शेवंताबाईंचा समुद्र आणि बहात्तरचे पाणी

गोजराबाईंनी सून म्हणून भिकुबाईंना पारखून आणले, भिकुबाईंनी कमलबाईंना, आणि कमलबाईंनी शिरपूरहून शेवंताबाईंना. एरंडोलच्या त्या घराच्या पिढ्या बाहेरचे लोक पुरुषांच्या नावांनी सांगत असतील, परंतु घर चालले ते या चौघींच्या शब्दावर. पाणी घरात कोठून येते, कोठे मुरते आणि कोणाच्या हातून सांडते, हे मालकिणीला ठाऊक असलेच पाहिजे, हा चौघींचाही दंडक होता.

अशा घराला पाण्याचेच देणे असावे, हे शेवंताबाईंना गेली पन्नास वर्षे सलत होते. बहात्तरच्या दुष्काळात घरची विहीर आटली. शेवंताबाई तेव्हा नव्या नवरी. शेजारच्या उखर्डू भाऊंच्या विहिरीवरून चार महिने त्यांनी स्वतः घागरी वाहिल्या. माणसे तगली, गोठाही तगला. उखर्डू भाऊ मनाचे मोठे, पण जीभ सैल. तेव्हापासून बारसे असो की लग्न, चार माणसे जमली की ते मिशीवरून हात फिरवत म्हणत, "वहिनींना घरनं बठ्ठं गोकुळ आमना विहिरवर वाढनं."

शेवंताबाईंनी परतफेडीचे सर्व मार्ग चोखाळले. भाऊंच्या लेकींना साड्या झाल्या, नातवंडांना चांदीचे वाळे झाले. भाऊ हे सारे हसत स्वीकारत आणि वर म्हणत, "हाई मायानं दिधं, वहिनी. पानी लिधं व्हतं, ते पानीच द्या." आणि बहात्तरनंतर त्यांच्या विहिरीला तर पाण्याची कधी ददात पडली नाही. लोक हसत. शेवंताबाईही हसत, पण त्या रात्री त्यांचे जेवण अर्ध्यावर राही.

आता समुद्राची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी शेवंताबाई गुडघा दाखवायला धुळ्याला गेल्या होत्या. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या टाकीत खारे पाणी, त्यात डोलणारे जांभळे प्रवाळ आणि त्यांच्या आडून डोकावणारे नारिंगी मासे होते. बाईंचे नाव पुकारले गेले, तेव्हा त्यांनी हाताने खूण करून मागच्या पेशंटला आत पाठवले. दुसऱ्यांदाही तसेच केले. सून नूतन म्हणाली, "आई, नंबर जातोय."

"गुडघा कुठे पळून जात नाही," बाई म्हणाल्या. "ही टाकी कोणी बसवली, ते विचार."

बसवणारा किरण नावाचा धुळ्याचाच तरुण. आठवड्याभरात तो एरंडोलला माजघरात बसून चहा घेत होता. त्याने अदबीने सुचवले, "आजी, पहिल्यांदा दोन फुटी घ्या. सवय झाली की मोठी करू."

"थोड्या पाण्यात बिघाड लवकर होतो की पुष्कळ पाण्यात?"

"थोड्या पाण्यात," किरणला कबूल करावे लागले. "पुष्कळ पाणी चुका पोटात घालतं."

"मग आठ फुटी. आणि ऐक, या टाकीला नोकर लागता कामा नये. आम्ही सगळे आठ दिवस लग्नाला गेलो, तरी माघारी तिला आमची आठवण होता कामा नये. माझ्यामागे सुनांनी माझ्या नावानं बोटं मोडत काचा पुसाव्यात, अशी वस्तू मला घरात नको."

किरणने वही मिटून ठेवली आणि आराखडा नव्याने मांडला. मासे मोजकेच, जेवढी तोंडे कमी, तेवढी घाण कमी. हे बाईंना फार पटले. घराचेही तसेच असते, असे त्यांनी नूतनकडे न पाहता सांगितले. प्रवाळ मऊ जातीचे, सोशिक, कायद्यात बसणारे आणि टाकीतच वाढवलेले. समुद्रातून ओरबाडलेले काही या उंबऱ्याच्या आत येणार नाही, अशी बाईंची तंबी होती. गाळण्याची यंत्रणा शेजारच्या कोठीत, म्हणजे घरघर माजघरात नको. वाफ होऊन उडालेले पाणी आपोआप भरून काढणारा पंप. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेला की पाणी गार राखणारे यंत्र, आणि त्याची गरम हवा मागच्या पडवीत. वीज गेली तर गच्चीवरचे सोलर. टाकी माजघरात, जेथे जाड भिंतींमुळे ऊन पोहोचत नाही.

"आणि पाणी?" बाईंनी विचारले.

"नळाचं पाणी जड आहे, प्रवाळांना चालत नाही. फिल्टर लावू. एक बादली शुद्ध पाणी मिळतं, दोन-तीन बादल्या बाजूला निघतात."

"बाजूला म्हणजे कुठे?"

"गटारीत," किरण म्हणाला, आणि नूतनने कपाळाला हात लावला.

बाईंनी उघड्या दारातून आभाळाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "आभाळातून पडतं ते पाणी कसं असतं?"

"ते उत्तम. वरची धूळ गाळली आणि एका साध्या नळकांड्यातून काढलं की झालं. त्यात काहीच वाया जात नाही."

परसात भुईत हौद खणायला सुरुवात झाली ती दुसऱ्याच आठवड्यात. उखर्डू भाऊ भिंतीवरून डोकावले. "पानी भराले खड्डा, वहिनी? आमनी विहीर शे ना."

"ती आहे म्हणूनच खणते आहे," बाई म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी हौदात उतरले आणि गणपती उठेपर्यंत हौद काठोकाठ भरला. पुढे काच आली, लोखंडी चौकट आली, कोरडे खडक आले. खडक कसे रचायचे, हे बाईंनी खुर्चीत बसून काठीने दाखवले. टाकी भरण्याचा दिवस ठरला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशीचा. आखाजीला शेजारी भाऊंच्या नातीचे, भूमिकाचे, लग्न होते.

लग्नाच्या दिवशी सकाळीच नूतन धावत आली. "आई, भाऊंच्या विहिरीवरची मोटार जळाली, आणि रहाट तर कधीच निघाला. नळाला आज पाणी नाही. टँकर दुपारनंतर येणार म्हणतात, आणि वऱ्हाड दहाला. आचारी कोरडी पातेली पुढ्यात घेऊन बसलाय."

शेजाऱ्याच्या अडचणीने आनंद व्हावा, हे शेवंताबाईंच्या घराण्याला शोभणारे नव्हते. त्यांनी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही. जरीचा पदर सारखा केला, काठी घेतली आणि मागच्या दाराने शेजारच्या मांडवात गेल्या.

भाऊ नवी टोपी घालून, अगदी काही घडलेच नाही अशा थाटात खुर्चीवर बसले होते.

"भाऊ, माझ्या हौदाला पाइप लावायला सांगा."

"नको, वहिनी. टँकर दुपारले येई."

"टँकर येईल तेव्हा येईल. आणि हे उसनं देत नाही मी. बहात्तरचं फेडते आहे."

भाऊंचा चेहरा प्रथमच पडला. पन्नास वर्षे जपलेले ते येणे हातचे जाते आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. "बहात्तरनं काय इतलं," ते घाईने म्हणाले. "दोन घागरी लिध्या व्हतीन तुम्ही."

"दोन? माझ्या लेकाच्या, जितेंद्रच्या लग्नात तुम्ही हजार सांगितल्या होत्या."

"लगीनमा मानूस वाढायीसन सांगस."

"बारशालाही हजारच होत्या. चार महिने नेलं, भाऊ. माणसं प्याली, गुरं प्याली. मी वाहिलं आहे, माझ्या खांद्याला ठाऊक आहे. तुम्ही कमी करायला लागलात, तरी मी एक थेंब कमी करू देणार नाही."

आचारी मध्येच भाऊंना म्हणाला, "आबा, डाळ कव्हा टाकू? वऱ्हाड भांडणावर जेवणार का?"

भाऊंनी पाइप आणायला माणूस पिटाळला.

पाइप लागला. उद्याच्या तयारीसाठी मिठाची पोती घेऊन किरण नेमका तेव्हाच पोहोचला आणि हौदाकडे पाहतच राहिला. "आजी, टाकीपुरतं तरी ठेवू. चौदाशे लिटर. नाहीतर पुढच्या पावसापर्यंत थांबावं लागेल."

शेवंताबाईंनी उघड्या दारातून माजघरातल्या त्या आठ फुटी काचेकडे, आतल्या कोरड्या खडकांकडे पाहिले. कित्येक महिने रोज सकाळी चहा घेताना त्यांनी त्या रिकाम्या काचेत मासे पोहताना पाहिले होते.

"बहात्तर साली भाऊंची विहीरही तळाला गेली होती," त्या म्हणाल्या. "त्यांनी स्वतःपुरतं वेगळं काढून ठेवलं नव्हतं. चालू दे पंप. पोती कोठीत ठेव, मीठ नासत नाही."

पावसाच्या पाण्यात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजली. वरण-बट्टीवर वऱ्हाडाने असा ताव मारला की, व्याह्यांनी आचाऱ्याला बोलावून डाळ कोणत्या गावची, ते विचारले. पंगती उठल्या, भांडी घासून झाली, आणि हौदातल्या पंपाने हवा ओढायला सुरुवात केली तेव्हा टँकर गल्लीत शिरत होता.

भाऊ स्वतः परसात आले. हौदाच्या कडेला वाकून त्यांनी आत पाहिले. तळाची ओल तेवढी चमकत होती. ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"फिटी गयं, वहिनी."

"इथे मी, तुम्ही आणि हा किरण," शेवंताबाई म्हणाल्या. "मांडवात चला."

मांडवात व्याही पान लावत बसले होते, बँडवाले जेवून सुस्तावले होते. भाऊंनी घसा खाकरला, मिशीवरून हात फिरवला आणि सवयीच्या खणखणीत आवाजात सर्वांना सांगितले की, वहिनींच्या घराकडे त्यांचे जे पाणी होते, ते आज आले. बठ्ठं आलं, थेंब बाकी नाही.

शेवंताबाईंनी ते बसून, काठीवर दोन्ही हात ठेवून, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकले. मग त्यांनी नूतनला ताट वाढायला सांगितले आणि दोन बट्ट्या खाल्ल्या.