दीपगृहप्रेमी मंडळाची पहिली सहल

नाशकात दीपगृहप्रेमींचं मंडळ काढायचं म्हटलं तर माणसं आधी हसणार हे मला ठाऊक होतं. म्हणून मी पहिल्यांदा घरातच सांगून पाहिलं. आमचे हे, म्हणजे देवराम, सरकारी कचेरीत कारकून. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला आणि म्हणाले, "का? गोदावरीत बोटी आपटायला लागल्या वाटतं?"

मी म्हटलं, "क्रिकेट बघणारे सगळे खेळतात का?"

माझा नाद शेंगदाण्याच्या पुडीतून लागला. किराणावाल्याने ज्या कागदात दाणे बांधले होते त्यावर दीपगृहांबद्दलचा अर्धा लेख होता. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते, त्यामुळे अंधारात खलाशाला नुसता उजेड दिसत नाही, आपण कुठल्या गावासमोर आहोत तेही कळतं, एवढं वाचलं आणि कागद संपला. माझी शाळा चौथीतच सुटलेली. पुढचं शिक्षण असंच पुड्यांवर झालं. उरलेला अर्धा लेख शोधायला वाचनालयात गेले. तो काही मिळाला नाही, पण तोवर मी दीपगृहांची झाले होते.

हे चौऱ्याऐंशी सालातलं. आमचं इंदिरानगर तेव्हा वसत होतं, घरांपेक्षा वाळूचे ढीग जास्त. नोंदणीला सात जण लागतात असं ह्यांनी मुद्दाम सांगितलं, म्हणजे माझा उत्साह तिथंच निवेल. पण माणसं मिळाली. शाळेत शिकवणाऱ्या बायडाबाई आल्या, त्यांना भूगोलाचं प्रेम. मनमाडहून ह्यांचे मावसभाऊ झुंबर आले. रेल्वेत फिटर होते आणि येताना आणखी दोन फिटर घेऊन आले. सहावे अर्थात हेच. नाही म्हणून जातात कुठं! सातवं माणूस मात्र आपल्या पायांनी आलं.

मागच्या गल्लीतल्या सुलाबाई. विंचूरकडच्या, वयाने माझ्याहून मोठ्या, जिभेने फारच मोठ्या. दारातूनच म्हणाल्या, "सुमन, मला घे तुझ्या मंडळात."

"तुम्हाला दीपगृहं आवडतात?"

"मला कशाला आवडतील? दिवे काय आपल्या घरात नाय का? पण तुम्ही लोक एखादं बघायला जाणार का नाय?"

"जाणार की."

"मग वरसाळ्याचं बघा. लय चांगलं हाय म्हणतात."

आता कोकणातल्या वरसाळ्याच्या दीपगृहावर सुलाबाईंचा धाकटा भाऊ पुंजाराम नोकरीला होता, हे अख्ख्या गल्लीला माहीत. दोघांचा सहा वर्षांचा अबोलाही माहीत. भावाच्या मुलीवर आत्याचा पहिला हक्क. सुलाबाईंनी ती मुलगी पाळण्यात असल्यापासून आपल्या मुलासाठी, भिकनसाठी, धरलेली. पुंजारामने तिला रत्नागिरीकडे दिली आणि बहिणीला पोस्टाने छापील पत्रिका पाठवली. ना विचारलं, ना स्वतः बोलवायला आला. भिकनचं पुढे दुसरीकडे छान झालं, त्याला ह्या गोष्टीचं काहीच वाटत नव्हतं. पण मान काही भिकनचा गेला नव्हता.

"सुलाबाई," मी म्हटलं, "भावाला भेटायचं तर सरळ एसटीत बसा ना."

"मी? त्याच्याकडं? मी त्याच्याकडं जाणार नाय आणि आधी बोलणार तर नायच. मंडळ जाईल. आता मंडळात मी असले, त्याला माझा काय इलाज?" मग पदर चाचपत म्हणाल्या, "त्याला मागल्या वर्षी दवाखान्यात ठेवलं होतं म्हणे. मला परक्यांकडून कळलं."

मी त्यांना मंडळात घेतलं. खरं तर त्या दिवसापासून मंडळाला काहीतरी काम मिळालं.

दीपगृहांच्या मुंबईच्या कचेरीला अर्ज केला, सातही नावं लिहिली, आणि परवानगी आली: तारीख तुम्ही कळवा. तारखेसाठी आमच्या पुढच्या खोलीत बैठक बसली. झुंबरभावजींना रजा मिळेना, ह्यांना रविवारी झोप हवी. शेवटी बुद्धपौर्णिमा ठरली, सगळ्यांनाच सुट्टी. विहारातली वंदना बुडेल म्हणून हे कुरकुरले, तर बायडाबाई म्हणाल्या, "समुद्रावर करू ना. आणि पुनवेचं चांदणं पाण्यावर काय दिसेल!" सगळ्यांनी माना डोलावल्या. झुंबरभावजींनी तर टाळ्या वाजवल्या. सात जणांत एकाच्याही मनात आलं नाही की पौर्णिमेला समुद्राचंही काही म्हणणं असू शकतं. आम्ही नदीकाठची माणसं. आमचं पाणी पावसाने वाढतं, चंद्राने नाही.

रात्रभर एसटीत डुलक्या घेत, मुंबईला गाडी बदलत, सकाळी उशिरा वरसाळ्याला उतरलो. समोर समुद्र. त्यात काळा खडक, खडकावर पांढरा मनोरा, त्याच्या पायथ्याशी दोन बैठी घरं. किनाऱ्यापासून खडकापर्यंत दगडी वाट आहे असं आम्हाला कळवलं होतं. वाट मात्र दिसेना. जिथं असायला हवी तिथं लाटा एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

वाळूत मासळी सुकवणाऱ्या एका बाईला विचारलं. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "वाट आहे की, पाण्याखाली. आज पुनव, उधाण नाय का? दुसऱ्या दिवशी यायचं सोडून पुनवेला आलाव?"

"आम्ही नाशिकचे," हे म्हणाले. एवढ्याने तिचं समाधान झालेलं दिसलं.

"मग वाट मोकळी कधी होणार?" मी विचारलं.

"चार तरी वाजतील. पण तेव्हा मात्र अशी मोकळी, की बैलगाडी जाईल."

परतीची एकुलती एसटी तीनला होती.

झुंबरभावजी पाण्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, रेल्वेत असं नसतं. रूळ रोज जागेवर असतात."

"टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या," बायडाबाई म्हणाल्या.

"आणि चांदणं कोणाला पाहिजे होतं?"

सुलाबाई खडकाकडे पाठ करून सुरूच्या झाडाखाली बसल्या आणि भाकऱ्यांचं फडकं सोडायला लागल्या, जणू नाशकाहून इतक्या लांब भाकरी खायलाच आल्या होत्या. फडक्याची गाठ सुटेना तेव्हा मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

आधी वंदना केली. सुरूच्या सावलीत, वाळूवर चटई टाकून, आमचे आवाज वाऱ्याने अर्धे नेलेले. मग जेवलो. गर्दी नाही, घाई नाही. मला तर बरं वाटत होतं, मनोरा लांबून का होईना दिसत होता. तेवढ्यात बायडाबाई हळूच म्हणाल्या, "कोणीतरी खाली आलंय."

खडकाच्या आमच्याकडच्या टोकाला, पाण्याच्या अगदी कडेला, एक माणूस उभा होता. खाकी विजार, पांढरा बनियन. सात नावं त्याच्याही कचेरीत पोचलीच असणार.

सुलाबाईंनी मान वळवली नाही. "कसा दिसतोय?" त्यांनी मला विचारलं.

"बारीक."

"लहानपणापासून बारीकच."

"केस पांढरे झालेत."

ह्यावर त्या उठल्या. चपला तिथंच टाकून तरातरा पाण्यापर्यंत गेल्या आणि उभ्या राहिल्या. ह्या इकडे, तो तिकडे, मध्ये खवळलेलं पाणी. दोघंही कमरेवर हात ठेवून. सख्खी भावंडं आहेत हे सांगायला वेगळा कागद नको होता.

मग सुलाबाई काहीतरी ओरडल्या. तोही त्याच वेळी ओरडला. लाटांचा गडगडाट असा, की पाच पावलांवर असलेल्या मला सुलाबाईंचं ऐकू आलं नाही, तर त्याचं काय येणार! दोघांनी हात कानांमागे धरले. पुन्हा दोघं एकदम ओरडली.

सुलाबाई माझ्याकडे वळल्या. चेहरा लाल झालेला. "बघितलंस ना? आधी तोच बोलला."

"हो," मी म्हटलं.

पलीकडे तोही वरच्या घराकडे वळून कोणाला तरी हातवारे करून सांगत होता. काय सांगत असेल ते ओळखायला दुर्बीण लागत नव्हती.

मग त्याने तळहात आडवा धरून हळूहळू खाली नेला. पाणी उतरेल. आणि दोन्ही हातांनी खाली दाबल्यासारखं केलं. बसा.

सुलाबाई होत्या तिथं, ओल्या वाळूत बसल्या. "तुम्ही जा तीनच्या गाडीनं," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

मंडळाची पहिली सर्वसाधारण सभा अशी समुद्रकिनारी भरली. विषय एकच. फिटर मंडळींना सकाळी कामावर हजर व्हायचं होतं, ते तिघं जाणार हे ठरलं. झुंबरभावजी निघताना म्हणाले, "वहिनी, पुढच्या सहलीची तारीख मात्र कोळ्याला विचारून ठरवा." बायडाबाईंना सुट्टीच होती. ह्यांनी उद्याची रजा अजून मागितलेली नव्हती.

"तुम्ही जा हवं तर," मी म्हटलं.

ह्यांनी मान वर करून मनोऱ्याकडे बघितलं. "इतक्या लांब येऊन वर न चढता जायचं म्हणजे मूर्खपणा," ते म्हणाले आणि चटईवर आडवे झाले.

पाणी उतरायला लागलं. आधी एक दगड दिसला, मग शेवाळलेली रांग, मग वाट. बाईने सांगितलं तशी खरंच रुंद. पुंजाराम तिकडून निघाला, सुलाबाई इकडून. मी मागे, माझ्या आणि सुलाबाईंच्या चपला हातात घेऊन. मला वाटलं, मध्यावर गाठ पडली की आता रडारड होणार, म्हणून मी जरा अंतर ठेवलं.

पुंजाराम म्हणाला, "आक्का, डावीकडं पाय ठेवू नको, निसरडं हाय."

"मला कळतंय," सुलाबाई म्हणाल्या आणि डावीकडेच पाय ठेवला. त्याने दंड धरला. तो मग घरापर्यंत सोडला नाही.

"मी मंडळाबरोबर आले," चालता चालता त्या म्हणाल्या.

"माहीत हाय ना. मंडळाला वर न्यायला माणूस ठेवलाय."

मदतनीस आम्हाला वर घेऊन गेला. गोल गोल जिना, ह्यांचं दर वळणावर थांबणं, बायडाबाईंचे प्रश्न. वर भिंगाभोवती पडदे लावलेले. दिवसा उन्हाने आग लागू नये म्हणून ते लावतात, मदतनीस म्हणाला. सूर्य टेकला तसे त्याने ते एकेक करून सरकवले. माझ्याएवढं उंच भिंग, काचेची कडी आत कडी. मी हात जोडले नाहीत, पण जोडावेसे वाटले. ह्यांनी पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही.

मी बाहेरच्या सज्जात आले. खाली घराच्या ओट्यावर पुंजाराम आणि सुलाबाई समोरासमोर बसलेली. पुंजारामची बायको चहाचे कप घेऊन मध्ये उभी, कोणी कप घेत नव्हतं. सुलाबाईंचा उजवा हात हवेत चालला होता, बोटं एकेक करून दुमडली जात होती: विचारलं नाही, बोलवायला आला नाही, पत्रिका पोस्टाने, दवाखान्याचं कळवलं नाही. पुंजारामही गप्प नव्हता, तोही गुडघ्यावर थापा मारत होता.

"भांडतायत का हो?" बायडाबाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं.

"हो," मी म्हटलं. "अगदी छान."