पाच फुटांच्या बाजूचं भात

"अजून एक गोणपाट टाक," साईनाथ खड्ड्यातून ओरडला. "पाणी पळतंय अजून."

काठावर उभ्या प्रीतीने गोणपाट खाली टाकलं. ते नेमकं त्याच्या डोक्यावर पडलं. कृषी विद्यार्थी संघाच्या चामटोली शाखेच्या अध्यक्षाने ते शांतपणे काढलं, त्याचा बोळा केला आणि स्विमिंग पूलच्या तळाच्या भोकात टाचेने ठोकून बसवला. पाणी थांबलं. भाताचं खाचर तयार झालं.

खाचर आपलं सवयीने म्हणायचं. नकाशावर तो 'ग्रीन पॅडी रेसिडेन्सी'चा तरणतलाव होता, एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला पाच. बिल्डरने पावसाळ्याआधी नुसता सिमेंटचा खड्डा करून ठेवला होता. टाइल्स दिवाळीनंतर बसणार होत्या. त्याच्याही आधी इथे साईनाथच्या बापाचं, कोंडाजीचं शेत होतं आणि त्यातला एक तुकडा त्याने पोराच्या संघटनेला दिला होता. मग आजूबाजूच्या सगळ्यांनी जमिनी विकल्या. कोंडाजीला कसलीही अडचण नव्हती. सगळ्यांच्या घरी चहा पिणारा एजंट आपल्याच घरी का येत नाही, याचं त्याला वाईट वाटायला लागलं, इतकंच. विकल्याचं पोराला सांगायचं मात्र राहून गेलं. साईनाथला ते जेसीबीवाल्याकडून कळलं.

संघाचा नियम साधा होता. शाखेने स्वतः लावलेलं पीक शेतात उभं पाहिजे. आश्विनात जिल्ह्याचे निरीक्षक येऊन बघणार. पीक नाही तर शाखेला मान्यता नाही आणि मान्यता नाही तर कोणाला प्रमाणपत्र नाही. प्रीती शाखेची चिटणीस होती, आणि खरं सांगायचं तर उरलेली एकुलती एक सभासदही. बाकीची पोरं कॉल सेंटरला लागली होती. तिला कृषी पदवीला जायचं होतं, आणि त्या प्रमाणपत्राच्या जादा गुणांशिवाय तिचा नंबर लागत नव्हता.

साईनाथचं काय जाणार होतं, ते सांगणं जरा अवघड. तो एकोणतिसाव्या वर्षी कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होता. पास झाला असता तर विद्यार्थी राहिला नसता, आणि विद्यार्थी राहिला नसता तर अध्यक्षही. म्हणून तो दर वर्षी एका विषयात काळजीपूर्वक नापास व्हायचा. बहुतेक वेळा कीटकशास्त्रात. गावात त्याला सगळे 'अध्यक्ष' म्हणत. दुसरं काही म्हणावं असं त्याने काही केलेलं नव्हतं.

अध्यक्षपदाचं जाकीट होतं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेटच्या कारखान्यात जीन्सच्या उरलेल्या कापडाचं शिवलेलं, पाठीवर पिवळ्या धाग्यात भाताची लोंबी आणि खाली 'अध्यक्ष'. शेटने "लो साईं" म्हणून ते हातात ठेवलं, तेव्हापासून उल्हासनगरात आपल्याला नावाने ओळखतात, असा साईनाथचा समज होता. तो कोणी मोडला नाही. शेट सगळ्यांनाच साईं म्हणतो हे प्रीतीला माहीत होतं, पण अध्यक्षांना सगळंच कशाला सांगायचं?

"रोपं कुठायत?" साईनाथने विचारलं.

"ही काय." तिने रंगाचे रिकामे डबे पुढे सरकवले. अंबरनाथला त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तिने रोप तयार केलं होतं. "पप्पा आज पण बोलले. माझा बाप दुसऱ्याच्या शेतात वाकून वाकून गेला, मी फॅक्टरीत लागलो ते तू ताठ उभी राहावीस म्हणून. आणि तू गच्चीवर भात लावतेस?"

"मग? तू काय बोललीस?"

"बोलले, आजोबा दुसऱ्याचं करत होते, मी माझं करीन. तर बोलले, तुझं कुठाय?"

दोघांनी पूलकडे बघितलं. मग विषय बदलला.

लावणीआधी एक रीत होती. अध्यक्षाने चपला काढून बांधावर उभं राहायचं आणि शेताच्या मालकाला विचारायचं, "उतरू का?" मालकाने "उतर" म्हटल्याशिवाय लावणीला चिखलात पाय घालायचा नाही. पहिल्या वर्षी कोंडाजी वैतागला होता. "आरं, इचारतो काय? शेत तुझ्या बापाचंच हाय!" पण म्हणाला होता. नंतर दर वर्षी तो धुतलेला सदरा घालून फक्त तेवढं एक म्हणायला येई.

आता मालक कोण, हा प्रश्न होता. बिल्डर ठाण्याला बसायचा. शेवटी दोघं गेटवर अनंताकडे गेले. अनंताचं शेत कोंडाजीच्या शेजारीच होतं. पूर्वी तो रात्रंदिवस आपल्या शेताची फुकट राखण करायचा. आता तीच जागा वॉचमन म्हणून पगार घेऊन राखत होता. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

साईनाथने चपला काढल्या. "अनंताकाका, उतरू का?"

अनंताने शिट्टी खिशात घातली, टोपी सरळ केली. इतक्या दिवसांत त्याला कोणी कसली परवानगी मागितली नव्हती.

"उतर," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सुपरवायझर जेवायला गेलाय. लवकर उरक."

जेसीबीने उपसलेली माती बाजूलाच ढिगात पडली होती. ती दोघांनी घमेल्यांनी आधीच पूलमध्ये टाकली होती, म्हणजे शेत तिथलंच होतं, फक्त एकदा वर येऊन परत खाली गेलं होतं. दिवस मावळेपर्यंत लावणी झाली. सुपरवायझर जेवून, झोप काढून आला तो बघतच राहिला.

"ये क्या लगाया है, यार?"

"भात," साईनाथ म्हणाला.

"कायको?"

याचं उत्तर साईनाथने आयुष्यात कधी शोधलं नव्हतं. प्रीतीने सांगितलं, "गिऱ्हाईक लोक फ्लॅट बघायला आले की गावचा फील येईल." सुपरवायझरने ठाण्याला फोन लावला. मालक खूश झाला. दिवाळीपर्यंत राहू दे, म्हणाला. ब्रोशरमध्ये फोटोही आला, खाली लिहिलेलं: निसर्गाच्या कुशीत.

भात मात्र जोरात आलं. तीन फुटांच्या बाजूला लवकर पिकणारं हळवं, पाच फुटांच्या बाजूला उशिरा पिकणारं गरवं. साईनाथ रोज काठावर बसून ते बघायचा. कोंडाजी एकदाच येऊन गेला. "बांध झकास हायेत," एवढं म्हणाला, आणि काठाच्या सिमेंटवरून हात फिरवून निघून गेला. धुतलेला सदरा घालून आला होता.

आश्विनात निरीक्षक आले. राजेंद्र सर म्हणून होते, सभ्य माणूस. त्यांनी खाली बघितलं, मग वर सी विंगकडे बघितलं, मग पुन्हा खाली.

"हे शेत आहे?"

"हो सर," प्रीती म्हणाली. "चारी बाजूंनी बांध आहे. आरसीसी."

"आणि ही शिडी?"

"शेतात जायची वाट."

सरांनी नियमावली मनातल्या मनात चाळली असावी. शेत जमिनीच्या पातळीवर असावं, असं तिच्यात कुठेच नव्हतं. ते शिडीवरून उतरले, एक लोंबी हातात घेतली, दाणा दाताखाली फोडला. "पीक चांगलंय," ते नाइलाजाने म्हणाले. मग त्यांची नजर जाकिटावर गेली.

"अध्यक्ष तुम्ही? विद्यार्थी आहात?"

"हो सर. दुसऱ्या वर्षाला."

"कधीपासून?"

"पहिलं झाल्यापासून."

सरांनी जाकिटावरून नजर त्याच्या केसांकडे नेली. "वय?"

साईनाथने सांगितलं. खोटं बोलायचं त्याला त्या क्षणी सुचलं नाही. सुचलं असतं तरी केसांनी साथ दिली नसती.

"पंचविशीनंतर सभासदच राहता येत नाही, अध्यक्ष लांबची गोष्ट," सर हळूच म्हणाले. "तुम्ही त्या पदावर आहात तोवर या शाखेचं मी काहीच मंजूर करू शकत नाही. पीक नाही, प्रमाणपत्र नाही. दुसरं कोणी अध्यक्ष असेल, तर गोष्ट वेगळी."

"सर, हे सगळं यांनीच—" प्रीती बोलायला लागली.

"गप," साईनाथ म्हणाला.

त्याने जाकीट काढलं. आत बनियन होतं, त्याला खांद्यावर भोक. जाकीट एकदा झटकलं, त्यावरचं भाताचं कुसळ काढलं आणि प्रीतीच्या अंगावर घातलं. ती त्यात गोणीत भरल्यासारखी दिसत होती.

"ह्या अध्यक्ष," तो सरांना म्हणाला.

सरांनी गाडीच्या बॉनेटवरच सही केली.

पुढे सगळं सुरळीत झालं. प्रीतीचा नंबर लागला. निघताना ती जाकीट परत द्यायला आली. साईनाथने घेतलं नाही. "तिकडं थंडी असंल," म्हणाला. तिच्यानंतर शाखेत कोणीच उरलं नाही, त्यामुळे शाखा बंद करायलाही कोणी लागलं नाही. त्या वर्षी साईनाथ पास झाला. कीटकशास्त्रात पहिला आला.

ग्रीन पॅडीमध्ये लोक राहायला आले. निळ्या टाइल्स बसल्या, निळं पाणी भरलं. साईनाथला सोसायटीने पूलवर ठेवून घेतलं. लांब दांड्याच्या जाळीने पाण्यावरची पानं काढायची. काठावर पाटी होती: कर्मचाऱ्यांना पाण्यात उतरण्यास सक्त मनाई. म्हणून तो सगळं काम काठावरूनच करी. पोरांना त्याचं नाव कोणीतरी सांगितलं होतं. "ए अध्यक्ष, बॉल दे ना!" ती ओरडत, आणि तो बॉल देई.

आषाढ सरता सरता, लावणीच्या दिवसांत, एका दुपारी पाऊस नव्हता आणि पूलवर कोणी नव्हतं. साईनाथने जाळी भिंतीला टेकवली. पाच फुटांच्या बाजूला आला. चपला काढून नीट शेजारी शेजारी ठेवल्या.

"उतरू का?" त्याने विचारलं.

गेटवर अनंता बसला होता. त्याला ऐकू गेलं. तो उठला, खुर्ची उचलून रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि पूलकडे पाठ करून बसला. "उतर" म्हणण्याचा हक्क आता त्याचाही नव्हता.

साईनाथ थोडा वेळ उभा राहिला. "उतर" म्हणायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जरा जास्त. मग चपला पायात घातल्या, जाळी उचलली आणि पाण्यावर आलेलं एक पान काढलं.